पीस उजेडात, माणूस पाण्यात

"पीस उजेडात बघावं, माणूस पाण्यात."

एलादिओच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलेलं होतं, की गुत्त्यात कुणी नुसतं "पीस" म्हटलं तरी बाकीचे उरलेलं पुरं करायचे. पाव कच्चा निघाला तरी हेच. कुणाची सोयरीक जुळली तरी हेच. एकदा पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं, तेव्हा चर्चच्या शेवटच्या बाकावरूनही हेच ऐकू आलं होतं, आणि पाद्रीबुवांनी मुकाट्यानं प्रवचन आवरतं घेतलं होतं.

बेनिल्देला त्यातलं अर्धंच वाक्य कळायचं. उजेडात पीस बघण्यात तिचा जन्म गेला होता. दुसरं अर्धं तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर, झोपेतसुद्धा कानात वाहणारी. पण बेनिल्देनं तिच्यात कधी बोट बुडवलं नव्हतं.

कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात कोंबडे पिसांसाठी पाळतात. ते कापायचे नाहीत, विकायचे नाहीत. हिवाळ्यात आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाला, चंद्र चढता असताना, त्यांच्या कुशीवरची लांब पिसं उपटायची. ती पुन्हा येतात, आधीपेक्षा तकतकीत. त्या पिसाची गळावर माशी बांधायची, पाण्यात सोडायची, आणि ट्राउट मासा तिला खरी समजून झेप घेतो. हाच कोंबडा डोंगरापलीकडे नेला तर खातो, पितो, आरवतो, पण पिसाची चमक जाते. कुणी म्हणतं पाणी, कुणी म्हणतं दगड. बेनिल्देची आई म्हणायची, "चमक ही रुसकी सून आहे, पोरी. कशावरून माहेरी निघून जाईल, सांगता येत नाही."

म्हणून त्या घरात एक रीत होती. ज्या हातानं पीस उपटायचं, त्या हातानं नदी शिवायची नाही, आणि मासा तर नाहीच. कपडे धुवायचे ते वरच्या झऱ्यावर. सणाला साऱ्या ओसेरिया गावात ट्राउटचं सूप शिजायचं, तेव्हा या घरात लसणाचं. पुलावरून जाताना घरच्या बायका मधोमध चालायच्या, कठड्याला न टेकता. बेनिल्दे सत्तरीला आली, तिच्या पिसांनी खोऱ्यातले किती मासे वर काढले त्याला गणती नाही, आणि तिनं आपलं एकही पीस पाण्यात पोहताना पाहिलं नव्हतं.

पिसं काढायच्या सकाळी एलादिओ कोंबडा धरायला यायचा. ती विधवा, तो बिनलग्नाचा. गावानं चेष्टा करून करून शेवटी कंटाळून सोडून दिली होती. बिशप नावाचा तिचा म्हातारा कोंबडा छाती काढून, एकेक पाय सावकाश उचलत असा चालायचा, की दुसरं नाव त्याला शोभलंच नसतं. एलादिओखेरीज कुणी हात लावला तर रक्त काढायचा. एलादिओच्या काखेत मात्र डोळे मिटून बसायचा.

"काय सांगतोस रे त्याच्या कानात?" बेनिल्दे विचारायची.

"पापांची कबुली देतो. बिशपच आहे ना."

"मग दुपार होईल."

"माझी कुठली? तुझी सांगतोय."

त्या हिवाळ्यातही असंच चाललं होतं. बाहेर बर्फ भुसभुशीत पडलेलं, आत चुलीत ओकचं लाकूड. बेनिल्देनं बिशपच्या उजव्या कुशीतलं एक पीस काढलं आणि एलादिओच्या हातात दिलं. त्यानं ते खिडकीकडे धरलं, दर वर्षी धरायचा तसं, आणि मान डोलावली.

"वा! हरणी आहे. अगदी कोवळं हरण."

बेनिल्देनं त्याच्याकडे पाहिलं. पीस हरणी नव्हतं. पोलादी होतं, वादळाआधीच्या आभाळाच्या रंगाचं. त्यात तपकिरीचा लवलेश नव्हता. तिला वाटलं, थट्टा करतोय. पण तो हसत नव्हता. तोंड खिडकीकडे होतं, आणि डोळे पिसाच्या शेजारी काहीतरी शोधत होते, काळोखात दाराची कडी शोधावी तसे.

"हो," ती म्हणाली. "हरणीच."

निघताना तो दारात थांबला. "यंदा माश्या तूच बांधून दे. माझी बोटं आखडतात थंडीनं."

बोलता बोलता त्या बोटांनी गळ्यातल्या मफलरची गाठ मारली. बारीक, नेटकी गाठ. बेनिल्दे त्या गाठीकडे बघत राहिली.

आता एलादिओची एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी त्याची जीभ तिखट होती. मे महिन्यात नदी अशी भरात असते, की गळाची काठी धरता येणारा कुणीही रिकामा परतत नाही. अशाच एका मे महिन्यात म्हातारा किरिनो रिकामी टोपली घेऊन पुलावर आला, आणि एलादिओ सगळ्यांदेखत म्हणाला, "मे महिन्यात जो रिकाम्या टोपलीनं पूल ओलांडतो, त्यानं काठी माळ्यावर टाकावी आणि कोंबड्यांना दाणे घालावेत." लोक खो खो हसले. किरिनोनं खरंच काठी टाकली. पुढे तो नदीकडे पाठ करून बाकावर बसायचा, आणि पानगळ संपायच्या आत गेला. एलादिओ दफनाहून आला तो थेट गुत्त्यात शिरला आणि मोठ्यानं म्हणाला, "तो नियम आता माझा. माझ्यावर ज्या दिवशी पाळी येईल त्या दिवशी काठी माळ्यावर. ऐकलंत सगळ्यांनी?"

ऐकलं होतं. अशी वाक्यं गाव विसरत नाही.

शेत नाही, गुरं नाहीत, मूलबाळ नाही. एलादिओजवळ नदी होती, तेवढीच. ती गेली तर त्या माणसाला सकाळी उठून जायला जागा उरली नसती. बेनिल्देला हे ठाऊक होतं, म्हणून तिला झोप लागेना.

बर्फ वितळलं. नदी आधी गढूळ झाली, मग हिरवी, मग काचेसारखी. डोंगरउतारावर झुडपं पिवळीजर्द फुलली. बेनिल्दे अंगणात उन्हात बसून माश्या बांधू लागली. तिला चिमटा लागत नसे. गळ डाव्या हाताच्या बोटांत, दोन केसांएवढा रेशमाचा धागा दातांत, पीस उजव्या हातात. मे महिन्यात पाण्यावर काळपट, तपकिरी माश्या उडतात, हे तिनं आईकडून ऐकलेलं. त्यांना ठिपक्यांचं गडद पीस लागतं. तिनं ते उचललं. आणि मग तिला खिडकीशी चाचपडणारे ते डोळे आठवले. हे गडद पीस संध्याकाळच्या पाण्यावर त्याला दिसणार कसं?

तिनं ते खाली ठेवलं. चंदेरी पीस घेतलं, सगळ्यांत उजळ. त्याखाली पिकल्या गवताच्या रंगाचं रेशीम घातलं. माशी अशी झाली, की अंगणाच्या त्या टोकावरूनही ठिणगीसारखी दिसावी. सगळ्याच माश्या तिनं तशा बांधल्या, आणि बांधताना तिचं मन हलकं होत गेलं.

पिसाच्या घरची बाई, पण नदी जवळून न पाहिलेली. ही चूक अशीच बाई करू शकते.

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी पुलावर नेहमीचे लोक टेकले होते. गुत्त्याचा मालक प्रिमितीवो गिऱ्हाईकं आत सोडून बाहेर आला होता. बेनिल्दे आपल्या आवाराच्या भिंतीआडून बघत होती. एलादिओ चिनारांच्या सावलीतून वर आला, काठी खांद्यावर, बूट ओले.

"एलादिओ, झाकण उघड की रे! नवरीचं तोंड झाकल्यासारखं काय?"

एलादिओनं टोपलीचं झाकण उघडलं. आत ओल्या नेच्याची पानं होती. मासा घालायला पसरलेली, तशीच, न चुरगळलेली.

प्रिमितीवोचं हसू ओठांवरच राहिलं. "अरे, आज वारा होता…" त्यानं सुरुवात केली.

"वारा नव्हता," एलादिओ म्हणाला. "पीस उजेडात बघावं…" आणि पुढचं अर्धं तो बोललाच नाही. कुणी पुरंही केलं नाही. त्या रात्री त्याच्या घरातून शिडी सरकवल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला.

जूनमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडाला, पुन्हा पिसं काढायची वेळ आली. चंद्र चढू लागला. एलादिओ आला नाही. बेनिल्देनं एकटीनं बिशपला धरायचा प्रयत्न केला, मनगटावर चोच खाल्ली, मग रक्त एप्रनला पुसून एलादिओच्या दारात जाऊन उभी राहिली. तो अंगणात बसला होता. नदीकडे पाठ करून.

"बिशप बोलावतोय," ती म्हणाली.

"त्याला म्हणावं, मी पापं करायचं सोडलं."

ती शेजारी बसली. एलादिओनं टोपीच्या पट्ट्यात खोचलेली एक माशी काढली आणि ओठांवरून फिरवली.

"चंदेरी. पिसाला धार असते याच्या. हरणी असं मऊ लागतं, लोण्यासारखं. ओठाला कळतं."

बेनिल्दे त्याच्याकडे वळली. "केव्हा कळलं तुला?"

"नदीतच. मासा यायचा, नाक लावायचा, परत जायचा. दोरीतून हाताला कळतं ते. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. मासे हसत होते गं मला, बेनिल्दे. मे महिन्यात पिकल्या गवताची माशी! म्हणजे लग्नात कुणी काळे कपडे घालून नाचतंय."

"तुला दिसावी म्हणून बांधली."

"ते कळलं मला. पण खायची कुणाला होती? मला की माशाला?"

"मग पुलावर बोलला का नाहीस?" तिचा आवाज चढला. "माशी चुकीची होती, सांगायचं होतंस!"

"काय सांगू? बेनिल्देला माशी बांधता येत नाही, हे? तुझ्या आजीपासून या खोऱ्यात नाव आहे त्या घराचं. ते मी पुलावर टाकू?"

"आणि मी काय केलं? तुझ्या डोळ्यांचं लपवायला गेले आणि तुला नदीबाहेर काढलं!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

त्याच्या हातातली माशी घेऊन ती उठली. बायका त्या गुत्त्यात जात नसत. फार तर नवऱ्याला हाक मारायला दारापर्यंत. बेनिल्दे थेट आत गेली. पत्ते हातात धरलेल्या माणसांनी माना वर केल्या.

"एलादिओची टोपली मी रिकामी केली," ती म्हणाली. "चुकीचं पीस बांधलं मी."

"मावशी," प्रिमितीवो हसला, "तुमच्या घरात आणि चुकीचं पीस? नदी उलटी वाहिली म्हणा, तेही मानीन."

बेनिल्देनं ती माशी त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. गुत्त्यातल्या अर्ध्या माणसांचे हात नदीत भिजलेले होते. ते वाकले आणि त्यांनी पाहिलं. उजळ, सुंदर, मे महिन्यात कुठल्याच माशाच्या कामाची नाही अशी. एकानं तोंड उघडलं, "पण अशी का…" शेजाऱ्यानं कोपरानं ढोसलं. चुकून कुणी अशी बांधत नाही, हे त्यांना दिसलं. का बांधली, तेही हळूहळू दिसत गेलं. कुणी ते बोलून दाखवलं नाही. तेवढी लाज त्या गावाला आहे.

मग वाद मात्र झकास झाला. नियमात स्वतःची माशी म्हटलं होतं का? नव्हतं. माशी दुसऱ्याची असली तर टोपली कुणाची? एक म्हणाला, मे महिना पुढच्या वर्षी येईल, तोवर थांबू. दुसरा म्हणाला, पुढच्या वर्षी तू तरी आहेस का? शेवटी प्रिमितीवोनंच फडकं खांद्यावर टाकलं आणि निकाल दिला: मोसम संपायच्या आत, खऱ्या माशीनं, एक संध्याकाळ. एलादिओ पुलावर जशी टोपली आणील, तसं ठरेल.

निकाल ऐकून एलादिओ खूश झाला नाही. बिशपला काखेत घेऊन बसला होता. पिसं अखेर निघत होती.

"काठी काढीन गं. नदी पायांना पाठ आहे. पण ऑगस्टात संध्याकाळचं पाणी दर घटकेला रंग बदलतं. काय उडतंय ते मला दिसत नाही." हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाला. "हात अजून बघतात. पण हातांना रंग कळत नाहीत."

"कुणाला तरी घेऊन जा बरोबर."

"कुणाला? पोलादी आणि चंदेरी यांतला फरक या गावात दोघांना कळायचा. त्यातला एक मी होतो."

बेनिल्देनं हातातलं पीस बिशपच्या पाठीवरून हळूच फिरवलं. आईचा आवाज तिच्या कानात होता, रुसक्या सुनेचा. एकदा चमक गेली की ती आजी, ती आई, हे सगळं अंगण फुकट, नुसते कोंबडे उरतील. आरवणारे, खाणारे. तिनं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. उन्हाळाभर दिलं नाही.

ऑगस्ट सरत आला तेव्हा एका संध्याकाळी एलादिओ काठी घेऊन निघाला. चिनारांपाशी त्याला मागं पावलं ऐकू आली.

"पोरी कापणीला जाताना जोरात चालतात," तो न वळता म्हणाला. "हे म्हातारीचं चालणं आहे."

"तोंड आवर आणि पुढे बघ."

"पुढे बघायलाच तुला आणलंय."

नदी तिनं वरून पाहिली होती, पुलाच्या मधोमध चालताना, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. जवळून ती वेगळीच होती. ती बोलत होती, पण पुलावर ऐकू यायचं तसं नाही. इथे प्रत्येक दगडाशी तिचं निराळं बोलणं होतं, एकाशी भांडण, एकाशी गुजगोष्ट. पाण्यावर सोनेरी धूळ तरंगत होती. बघता बघता तिला कळलं की ती धूळ नव्हे, पंख आहेत. हजारो बारीक जीव वर जात होते, खाली येत होते, जणू नदी श्वास घेत होती. एलादिओ गुडघाभर पाण्यात शिरला. आणि त्याचं चालणं बदललं. अंगणातला म्हातारा चाचपडत चालायचा. हा माणूस पाण्यात असा उभा राहिला, की दगडांनी त्याच्या पायांसाठी जागा राखून ठेवली असावी.

"सांग," तो म्हणाला.

"बिशपच्या डाव्या कुशीचा रंग," ती म्हणाली. "पंखाखालचा. उन्हात धरलेला."

त्याची बोटं टोपीच्या पट्ट्यावरून सरकली, पट्ट्यात ओळीनं खोचलेल्या माश्या मोजत, आणि नेमकीवर थांबली. दोरी हवेतून गेली, तिचा आवाजसुद्धा आला नाही. प्रवाह ती अलगद वळवून नेऊ लागला.

तेव्हा बेनिल्देनं आपलं पीस पाहिलं. पाण्यात गेल्यावर ते मेलेलं राहिलं नाही. प्रवाहात ते उघडलं, मिटलं, उघडलं, पाय असल्यासारखं हललं. इतक्या हिवाळ्यांत खिडकीशी धरलेला उजेड त्यानं आत साठवून ठेवला होता आणि आता ते तो थोडा थोडा बाहेर सोडत होतं. तिचे डोळे भरून आले. आपण आयुष्यभर लेकी सासरी पाठवल्या आणि एकीच्याही घरी गेलो नाही, असं तिला वाटलं.

"रंग बदलला," ती एकदम म्हणाली. "आता तांबडं लहान कोंबडं. शेपटीजवळचं."

त्यानं माशी बदलली. ऊन डोंगरावर चढलं, पाणी जांभळं झालं. बराच वेळ काही झालं नाही. मग एलादिओचं मनगट हललं, बस्स तेवढंच, आणि नदीतून एक जिवंत तुकडा उसळला.

मासा काठावर आला तेव्हा त्यानं तो तिच्यासमोर धरला आणि मग आठवण होऊन हात मागे घेतला. "तू नको. रीत आहे तुझी."

बेनिल्दे वाकून बघत होती. माशाच्या कुशीवर ठिपके होते, तपकिरी, त्यांना फिकट कडा. हे ठिपके तिनं जन्मभर उपटले होते. कोंबडा अंगणातला, मासा पाण्यातला, कधी भेट नाही, आणि दोघांनी एकच कापड नेसलेलं. तिनं हात पुढे केला आणि माशाच्या कुशीवर ठेवला. गार होता, आणि कोंबड्याइतकाच धडधडत होता.

पुलावर प्रिमितीवोनं झाकण उघडून डोकावलं. "एकच?"

"एक म्हणजे रिकामी नव्हे," एलादिओ म्हणाला.

प्रिमितीवोनं मागे उभ्या असलेल्या बेनिल्देकडे पाहिलं. तिचे बूट ओले होते, बाही कोपरापर्यंत ओली होती. त्यानं टोपी काढली फक्त.

मग पानगळ झाली, नदी मासेमारीला बंद झाली, बर्फ पडलं. बिशपच्या कुशीत नवी पिसं भरत होती आणि बेनिल्दे त्याच्याकडे बघायचं टाळत होती. चंद्र चढू लागला त्या सकाळी एलादिओ आला, भिंतीला हात लावत लावत. कोंबड्यानं त्याच्या काखेत डोळे मिटले. बेनिल्देनं पहिलं पीस उपटलं आणि खिडकीपाशी गेली. तावदानावरची वाफ तिनं बाहीनं पुसली.

"बोल ना, चमक आहे?" एलादिओ म्हणाला.

तिनं पीस उजेडात आणखी वर धरलं.

"बेनिल्दे. मला खोटं सांगू नकोस. सांगितलंस तरी मार्चमध्ये मोसम उघडला की मासा सांगेलच."

तिनं पीस फिरवलं. बाहेरच्या बर्फाचा उजेड त्याच्यावरून वाहत गेला, देठापासून टोकापर्यंत, पाण्यासारखा. पूर्वीही असाच वाहायचा का? तिनं पूर्वी कधी नदीचं पाणी जवळून पाहिलं नव्हतं, म्हणून तिला सांगता येईना.

"आहे," ती म्हणाली. "वाहतंय."

त्यानं पीस घेऊन ओठांवरून फिरवलं आणि जुडीत ठेवलं. जुडी शर्टाच्या आत, छातीशी. दारात मफलरची गाठ मारली.

"माश्या बांधशील ना? मार्चसाठी?"

"गडद बांधीन. तुला दिसणार नाहीत."

"दिसायला कुणाला हव्यात?" तो म्हणाला, आणि निघाला.

बर्फात त्याची पावलं वाकडी पडत होती. पण वाट घराकडे वळते तिथे तो वळला नाही. नदीच्या बाजूनं गेला, काठी नसताना, मोसम नसताना, नुसतं पाणी ऐकायला. बेनिल्दे दारात उभी राहून बघत होती. भिंतीवर बिशप चढून बसला होता, एक कूस उघडी, थंडीनं फुगलेला, एक पाय वर धरून. चिनारांमागे टोपी दिसेनाशी झाली तरी दोघांपैकी कुणी मान वळवली नाही.